मिठाच्या पाण्यातल्या दोन पट्ट्या

बाबल गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंधेरीच्या बाजारात लाख विकत घेत होतो. माझ्या गळाच्या काठीला चीर गेली होती आणि 'लाख आण, पण मी सांगेपर्यंत लावू नको,' असा त्याचा हुकूम होता. त्याच्या शेजाऱ्यांनी तिथेच गाठून सांगितलं... छातीत कळ आली आणि संपलं. पुडी मुठीत धरून मी तसाच त्याच्या घरी धावलो. त्याला आता दीड महिना झाला.

ऑफिसात आमची टेबलं शेजारी आणि रविवारी आम्ही दोघे वर्सोव्याच्या खाडीवर गळ टाकून. हे काम माझ्यासारख्या उतावळ्याचं नव्हे, पण त्याच्या संगतीत मला नाद लागला. त्याची काठी मालवणहून आणलेली, वडिलांच्या हातची. ती एकदा मी मागून नेली आणि बुडख्यापाशी मोडली. सांगायची हिंमत होईना. सुताराकडचा सरस लावून सांधा जोडला, वर दोरा गुंडाळला आणि साळसूदपणे परत केली. पुढच्याच रविवारी त्याने ती पाण्याच्या कडेला रोवली. सकाळभर भिजून सरस विरघळला, आणि नेमका तेव्हाच जिताडा लागला. मासा काठीसकट गेला. बाबलच्या हाती वीतभर बुडखा राहिला. त्याने तो हुंगला.

"हेका सरस कोणी लावल्यान?"

"तुझ्या वडिलांनीच लावला असेल," मी म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तेव्हापासून त्याला एक खोड लागली. डिंक, राळ, लाख, मिळेल त्याने बांबूच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवायच्या. लाखेवर त्याचा जीव होता, पण ती किती तापवावी, राळ किती घालावी, याचं समाधान होत नसे. "घरात पाणी पिऊक एक पेलो गावत नाय," म्हणून वहिनी करवादायच्या.

परवा त्यांना भेटायला गेलो. खिडकीत पेला तसाच होता, आत लाखेने जोडलेल्या दोन पट्ट्या, पाणी आटून तळाशी मीठ धरलेलं.

"तुमच्या काठीसाठी ठेवलेलो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "म्हणत होते, तेका घाई असता. परत सरस लावून मोकळो होतलो."

परत... म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. वडिलांची काठी गमावूनही हा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खात होता. "ती काठी मी मोडली होती," मी वहिनींना म्हणालो. पहिल्यांदाच बोललो, आणि तेही त्याच्यापाशी नाही.

मग पट्ट्या उचलल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढल्या. सुटल्या नाहीत.