क्लच हळू सोडा, डॉक्टर

दातांवर कीट साचतं, तसे किस्से साचतात. रोज थोडं थोडं साचत जातं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस कुणी खरवडायला बसलं की थरच्या थर निघतात. माझा धंदा दातांचा, त्यामुळे उदाहरणंही तीच सुचतात. इंदिरानगरात माझा दवाखाना आहे. आमचा रविवारचा कंपू जमला की दुसऱ्या चहापर्यंत विषय माझ्या लाल गाडीवर येतो, आणि मी कप ढवळत बसतो. म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

कंपू म्हणजे तिघं. शिरीष, नळ आणि फरश्यांच्या दुकानाचा मालक. तरुणपणी रॅलीत गाड्या पळवायचा. त्याचे कप अजून दुकानात नळांच्या वरच्या फळीवर मांडलेले असतात. दुसरा बबन, मखमलाबादचा, गुलाब आणि झेंडूची शेती. तिसरा मी. माझी बायको वैशाली कंपूत नाही, पण साक्षीदार म्हणून बहुतेक ठिकाणी हजर होती.

०

गाडी घेतली दोन हजार दोन साली. तोपर्यंत माझ्याकडे नव्वदच्या दशकात सगळ्यांकडे असायची तशी छोटी, गरीब गाडी होती. शिरीषच्या ओळखीतला पुण्याचा एक जण त्याची रॅलीची गाडी विकत होता. दोन लिटरचं इंजिन, बॉनेटवर हवेसाठी भोकं, बसलं की जमिनीला टेकल्यासारखं वाटणारं सीट. इंजिनाचं शिरीषनं पाहिलं. मी रंग पाहिला.

पुण्याहून शिरीषनं चालवत आणली. द्वारका चौकाच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाला, की आपल्या गावात मालकानंच गाडी चालवत न्यावी. मला ते पटलं.

चौकात सिग्नल लागला. हिरवा झाल्यावर मी जुन्या गाडीचा सोडायचो तसा क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, आधीपेक्षा मोठी उडी, पुन्हा बंद. मागं हॉर्नचा गलका. शेजारून एक दूधवाला सायकलला कॅन अडकवून चालला होता. तो थांबला, बॉनेटवरची भोकं बघितली, मग मला बघितलं, आणि फार मायेनं विचारलं, "साहेब, धक्का देऊ का?"

गाडीला काहीच झालेलं नव्हतं, बंद मी पडलो होतो. तरी मी हो म्हणालो.

०

मग शिरीषनं शिकवणी सुरू केली. इंदिरानगरच्या पुढं पाथर्डी फाट्याकडं तेव्हा नुसते लेआउट पडलेले होते. डांबरी रस्ते तयार, घरं मात्र एखाददुसरंच. तिथं त्यानं मला लाँच समजावला. लाँच म्हणजे शर्यतीत उभ्या गाडीला एका दमात सोडणं. पहिला गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर देऊन इंजिन ताणून धरायचं, क्लच अर्ध्यावर आणायचा, गाडी पुढं ओढायला लागली की तिथं पाय थांबवायचा, आणि झेंडा पडला की बाकीचा सोडायचा. घाई केली तर गाडी बंद पडते किंवा चाकं जागच्या जागी फिरतात. उशीर केला तर क्लच जळतो.

मी या तिन्ही गोष्टी त्याच सकाळी करून दाखवल्या. रबर आणि क्लच मिळून असा धूर झाला, की शिकवणी बघायला येत असलेला बबन लांबून पळत आला, कुणी उसाचं पाचट पेटवलं असं त्याला वाटलं. तिथल्या एकुलत्या एका घरातून एक आजोबा पाण्याची बादली घेऊन आले. शिरीषनं त्यांना सांगितलं, की आग नाही, डॉक्टर शिकताहेत.

आजोबांनी बादली खाली ठेवली. "मग इथंच असू द्या," म्हणाले.

०

माझा पाय अर्ध्यावर थांबत का नाही, हे शिरीषला कळेना. त्याचा उलगडा दवाखान्यात झाला.

त्याची दाढ किडली होती. मी ड्रिल चालवत होतो. आमचं ते यंत्र पायानं चालतं. पाय दाबला की सुरू, उचलला की बंद. मधलं काही नाही. इतकी वर्षं दिवसभर तेच करत आलेला माझा पाय. शिरीषनं अचानक हात वर केला. दुखलं असेल म्हणून मी थांबलो. तो तोंडातलं सगळं बाजूला करून उठून बसला आणि माझ्या पायाकडं बघत राहिला.

"तू क्लच असा सोडतोस," तो म्हणाला. "माझ्या दाढेला विचार."

त्या दिवसापासून बबन पेशंट म्हणून आला, की खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, "डॉक्टर, आज कितव्या गिअरात करनार हाय?"

०

सुटणं थोडं जमायला लागलं तसं गिअर बदलणं सुरू झालं. शिरीषचं म्हणणं, गिअर बदललेला शेजारी बसलेल्याला कळता कामा नये. सराव म्हणून शेजारच्याच्या हातात भरलेला पेला द्यायचा आणि तो सांडू द्यायचा नाही. मी वैशालीला विचारलं. तिनं पेला धरायला साफ नकार दिला.

पण त्याच आठवड्यात आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. आईनं कुशावर्ताचं पाणी आणायला सांगितलं होतं. वैशालीनं तांब्या काठोकाठ भरून मांडीवर घेतला. झाकण आम्ही घरी विसरलो होतो. मला वाटलं, सराव आपसूकच होतोय.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना पहिला गचका बसला. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. पुढं एक बैलगाडी आडवी आली, मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो, तेव्हा तिनं तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. माझं निम्मं लक्ष त्या तांब्याकडंच राहिलं, आणि सातपूरपर्यंत मी एकही गिअर धड टाकला नाही.

आई दारातच उभी होती. तिनं रिकामा तांब्या बघितला आणि पाणी कुठं गेलं म्हणून विचारलं.

वैशाली साडी पिळत म्हणाली, "आई, सगळं तीर्थ माझ्याच पदरात पडलं."

०

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या एका मैदानावर हौशी लोकांची शर्यत होती. मातीचा ट्रॅक, एका वेळी एक गाडी, घड्याळाशी स्पर्धा. शिरीषनं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मी दवाखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं, पण वैशालीनं सांगितलं असावं, कारण दोरीच्या पलीकडं माझे बरेच पेशंट उभे होते.

हेल्मेटमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता. पहिला टाकला, इंजिन ताणलं, क्लच अर्ध्यावर आणला. गाडी पुढं ओढायला लागली, आणि पाय थांबला. आयुष्यात पहिल्यांदा थांबला. मी सोडली. चाकांनी माती धरली, पाठ सीटला चिकटली, दुसरा गेला, तिसरा लोण्यात सुरी जावी तसा गेला. एवढं सुख मला पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

शेवटाला पोचल्यावर कळलं, की झेंडा पडलाच नव्हता.

संयोजक भले होते. त्यांनी आणखी एक संधी दिली. या वेळी मी झेंड्याकडं इतका टक लावून बघत होतो, की पहिल्याऐवजी तिसरा टाकला. झेंडा पडला, गाडी थरथरली, आणि आहे तिथंच बंद पडली. 

दोरीपलीकडून माझ्या एका जुन्या पेशंटचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ते शेजारच्याला समजावून सांगत होते, "माझ्या दाढेलाही त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला."

०

दोन हजार सहा साली शिरीषच्या मुलीचं, सोनलचं लग्न झालं. नवरा मुलगा धुळ्याचा, शांत, चष्मेवाला. वरातीची गाडी म्हणून माझी लाल गाडी ठरली. बबननं पहाटे येऊन ती त्याच्या गुलाबांनी अशी मढवली, की मागचं काही दिसेना. आतल्या आरशावरूनही माळ सोडलेली. चालवायला शिरीष बसणार होता. पण पाठवणीची वेळ आली तेव्हा त्याचे डोळे इतके भरले, की त्यानं किल्ली माझ्या हातात दिली.

रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला होता. दोन्हीकडची माणसं उभी. नारळावर गाडी बंद पडली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात. मागं सोनलचे हुंदके ऐकू येत होते. मग धाडकन दार लागल्याचा आवाज आला. मी इंजिन ताणलं, क्लच अर्ध्यावर आणला, पाय थांबवला, आणि सोडला.

नारळ फुटला. गाडी सुटली ती मैदानावर सुटली होती तशीच. दुसरा, तिसरा, कुठं गचका नाही. मंगल कार्यालयाचं फाटक, पानाची टपरी, कोपरा, सगळं मागं गेलं. मला वाटलं, शिरीष बघत असेल.

मागचे हुंदके थांबले होते. सोनल हळूच म्हणाली, "काका, ते अजून बसायचे आहेत."

मी ब्रेक दाबला आणि वळून बघितलं. मागं सोनल, तिच्या मांडीवर ओटीचा नारळ आणि शेजारची जागा रिकामी. मुलगा शिरीषच्या पाया पडायला परत गेला होता. लागलेलं दार म्हणजे डिकीचं झाकण होतं, बॅगा ठेवून कुणीतरी आपटलेलं.

 कशीबशी माफी मागितली आणि रिव्हर्स टाकायला हात नेला.

सोनलनं डोळे पुसले. मागं कार्यालयाकडं एकदा बघितलं, मग समोर बघितलं. समोर गंगापूर रोड दुपारचा मोकळा पडला होता.

"रिव्हर्स नको काका," ती म्हणाली. "लांबून वळवून घ्या."