सात हातांतला दोर

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे खाली कुणी 'आजी, तुम्हाला भास झाला असेल' असं लिहायला नको. मी नर्स होते. तापात बरळणारी माणसं, दारू सुटल्यावर भिंतीवर साप दिसणारी माणसं... भास म्हणजे काय ते मी रोज बघितलंय. शिवाय आम्ही नगरचे ख्रिस्ती. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आम्ही पोरींनी तिन्हीसांजेला चिंचेखालून जायला कुरकुर केली की म्हणायचे, "सैतानाला कामं कमी आहेत का, तो तुमच्यासाठी झाडावर बसून राहील?" त्यामुळे भुतंखेतं, उतारे, लिंबू-मिरची यांची मी जन्मभर टिंगलच केली. अजूनही करते. हे एक सोडून.

मी सांगते आहे आणि माझी भाची टाइप करते आहे. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. पारनेर तालुक्यात, गावापासून दोन मैलांवर माळावर एक वृद्धाश्रम होता. नाव मुद्दाम सांगत नाही. एक बैठी कौलारू चाळ, तिला लांब व्हरांडा, समोर मोठं आवार. आवाराच्या उजव्या कडेला जुन्या गोठ्याची उंच दगडी भिंत, डाव्या बाजूला एक दांडगा कडुनिंब. बावीस म्हातारी माणसं आणि त्यांच्यासाठी एक नर्स, म्हणजे मी. वय सव्वीस, आणि आवाज सासूसारखा — असं तिथलीच मंडळी म्हणायची.

आश्रम निघाला तेव्हा तिथे येणारी माणसं हातीपायी धड होती. भाजीचा मळा तीच करायची. मारुतीआबा नावाचे एक म्हातारे विहिरीवर मोट हाकायचे. पण माणसं काही आली त्या वयाची राहत नाहीत. मी रुजू झाले तोवर सातजणांची दृष्टी पार गेली होती. मोतीबिंदू पिकलेले, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की सगळे पांघरूण डोक्यावरून घेणार. माणसं बदलली होती, आश्रम मात्र धडधाकटांसाठी बांधलेला तसाच राहिला होता. उंबरे उंच, धरायला कुठे काही नाही.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. विहिरीनं तळ गाठला, मोट थांबली, आणि फेब्रुवारीत जुलाब-उलट्यांनी निम्मा आश्रम आडवा झाला. नगरहून डॉक्टर आले, विहिरीला तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "संडास विहिरीच्या इतके जवळ? आधी हलवा." हलवले. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऐंशी-नव्वद पावलांवर. पोटाचा धोका टळला आणि पायांचा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात दोघे आंधळे उघड्या आवारात वाट चुकून पडले. त्यातल्या एका आजींच्या खुब्याचं हाड मोडलं, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

तेव्हा मला दोराची कल्पना सुचली. व्हरांड्याच्या खांबापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधायचा, धरायचा आणि चालायचं. मला वाटलं, सगळे दुवा देतील... कसलं काय! सोनाबाई म्हणून एक होत्या. दहा वर्षांपासून आंधळ्या, पण पाय इतका खात्रीचा की बाकीचे त्यांच्या मागे चालायचे. त्याच सगळ्यात आधी भडकल्या.

"आमी काय जनावरं हाय व्हय, दाव्याला बांधायला?"

झालं. सगळ्यांनी बहिष्कार घातला. मी दोन दिवस ओरडून बघितलं. तिसऱ्या दिवशी मारुतीआबा बंद पडलेल्या मोटेचा नाडा खांद्यावर टाकून आले. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. त्यांनी तो सोनाबाईंच्या हातात दिला.

"दावं गळ्यात असतं, सोनाबाई. ह्यो हातात हाय. सोडायचा का धरायचा, तुमच्या मनावर."

सोनाबाईंनी तो बराच वेळ चाचपला. मग म्हणाल्या, "बांधा."

आबांनी चार दिवस खपून खुंट रोवले आणि नाडा ताणला. त्याला गाठी मारल्या. एक गाठ लागली की वळण, दोन लागल्या की पायरीएवढा उंचवटा, तीन म्हणजे पोचलात. त्यांची गाठ वेगळीच होती. मधे एक खोबण राहायची आणि त्यात अंगठा बरोबर बसायचा. मला ती कधी जमली नाही. रोज सकाळी स्वतः डोळे मिटून, दोर धरून ते एक फेरी मारायचे आणि मगच इतरांना सोडायचे.

दोर त्यांनी कडुनिंबाच्या बाजूनं, वळसा घालून नेला होता. मी म्हटलं, आबा, भिंतीकडून सरळ न्या की, दुपारी तिकडे सावलीही असते. तेव्हा ते म्हणाले होते, "भिंतीचा भरवसा न्हाई, सिस्टरबाई. झाड पडायच्या आदी वाकतं. भिंत काय सांगत न्हाई."

मी हसले होते. हे लिहून ठेव गं, मी हसले होते.

चैत्रात आबा गेले. रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत.

मग वैशाख आला. बारा वाजता आवारात पाय ठेववत नव्हता. म्हाताऱ्यांचे तळवे भाजायला लागले, एकाला ऊन लागून चक्कर आली. मी ठरवलं — दोर भिंतीच्या बाजूनं. वाट वीस पावलांनी कमी, वर सावली. चूक काय त्यात? कडुनिंबाकडचे खुंट उपटायला लावले. सरळ वाटेला गाठी कशाला, म्हणून आबांच्या गाठीही सोडवल्या. लोखंडी सळई घालून एकेक गाठ सोडवताना माझी अख्खी दुपार गेली, नखं मोडली. सोनाबाई व्हरांड्यात बसून तो आवाज ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात. तुमी तर पीळच काढाय बसला."

भिंतीपलीकडच्या रानात तेव्हा विहीर खोल करायचं काम चालू होतं. दुष्काळात जो तो पाण्यामागे खाली चालला होता. रोज दुपारी सुरुंग लावायचे. आधी एकजण "बार हाय, बाऽऽर!" असा पुकारा करायचा, मग धमाका, मग आमच्या कौलांवर धूळ. पहिले काही दिवस आम्ही दचकलो, नंतर सवय झाली. त्या धक्क्यांनी भिंतीच्या मातीच्या जोडाचं काय होत असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी फक्त सावली बघितली.

नव्या दोरावर माझी मंडळी अकरा दिवस चालली. त्यातच यमुनाबाई नावाच्या नव्या आजी आल्या. श्रीगोंद्याकडच्या, पूर्ण आंधळ्या. आबा गेल्यावर महिन्यानं आल्या होत्या, म्हणजे जुनी वाट त्यांना माहीतच नव्हती. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी दुपारचे चार वाजत आले होते. लख्ख ऊन. चहाच्या आधीची सगळ्यांची फेरी असायची. मी व्हरांड्यात याकोबमास्तरांच्या पायाची जखम बांधत होते. हे जुने शिक्षक, साखरेचा आजार, पण नजर चांगली आणि भुताखेतांची टिंगल करण्यात माझ्याहून दुप्पट. यमुनाबाई धरून आता सात आंधळे होते, ते सातही जण खांबापाशी रांगेत उभे राहिले. सोनाबाई पुढे, यमुनाबाई सगळ्यात मागे. दोर खांबाच्या उजव्या अंगाला बांधलेला होता. सोनाबाईंनी हात घातला तो डाव्या अंगाला. हवेत मूठ मिटली आणि त्या चालू लागल्या.

मला वाटलं, चुकल्या. पण मागच्यानंही तिथेच हात घातला, मूठ मिटली. त्याच्यामागच्यानंही. एकामागून एक सातही जण आवारात उतरले. कमरेच्या उंचीवर मुठी, मुठींत काही नाही... आणि पावलं एकदम निर्धास्त. आंधळा माणूस मोकळ्यावर कसा चालतो ते मला माहीत होतं, पाय घासत, हात पुढे चाचपडत. हे तसं नव्हतं. हे दोरावरचं चालणं होतं.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर... त्यांच्या हातात काय आहे?"

मी ओरडले, "सोनाबाई! दोर सोडलात तुम्ही! मागे फिरा!"

त्यांनी मानही वळवली नाही. "सोडला कुटं? हातातच हाय की!"

मी बँडेज टाकून धावले. का? त्यांना धरून परत भिंतीकडच्या दोरावर आणायला. ही माझी अक्कल. तोवर त्या आबांच्या जुन्या वळणाशी पोचल्या होत्या. तिथे सोनाबाई थांबल्या, अंगठा हलला, वळल्या. मागचा त्याच जागी थांबला, अंगठा हलला, वळला. मी सोनाबाईंचं मनगट धरून ओढलं. मूठ जागची हलेना. साठ-पासष्ट वर्षांची काटकुळी बाई, आणि मी भरल्या पोत्यासारखे पेशंट उचलणारी. मी दुसरा हात त्यांच्या मुठीच्या पुढे घातला, वर-खाली फिरवला. हवा. नुसती गरम हवा. मग मी चिडून जोरात हिसका दिला —

आणि सातही हात एकदम हलले.

पार टोकाच्या यमुनाबाईंपर्यंत. ताणलेल्या दोराला मधेच झटका दिला की तो धरलेले सगळे हात जसे एका दमात हलतात, तसे. माझ्या अंगावरचा काटा आजही, हे सांगताना, उभा आहे. बघ म्हणते आहे भाचीला.

मी त्यांचं मनगट सोडलं. मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. देवळात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं काहीतरी झालं. मी बाजूला झाले आणि सात म्हातारी माणसं माझ्यासमोरून गेली. उंचवट्याशी थांबली, एकेकानं पाय उचलला, कडुनिंबाखाली आली. तिथे सोनाबाई उभ्याच राहिल्या. मागे सगळे उभे राहिले.

पलीकडून आवाज आला, "बार हाय, बाऽऽर!"

धमाका झाला. रोजच्यासारखाच. मग एक वेगळा आवाज, लांबलचक, खरडल्यासारखा... आणि गोठ्याची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आत झोपली. जिथे सावली होती तिथे छातीएवढा दगडांचा ढीग पडला. माझी सरळ, सोयीची, वीस पावलांनी कमी वाट त्याच्याखाली होती. धूळ हळूहळू खाली बसली.

मग मागून यमुनाबाईंनी विचारलं, अगदी सहज, "सिस्टरबाई, ह्या गाठी कवा मारल्या? काल न्हवत्या."

यमुनाबाईंच्या हाताला आश्रमात गाठ म्हणून कधी लागलीच नव्हती.

सोनाबाई म्हणाल्या, "आबाची गाठ हाय ती. अंगठा बसतो बगा." आणि त्यांनी हळूच मूठ उघडली. मागच्या सहाही मुठी उघडल्या. मी मातीत बसले आणि भोकाड पसरून रडले. सव्वीस वर्षांची, युनिफॉर्मातली, सगळ्यांसमोर.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पायांना जुनी वाट आठवत असते. मान्य. पण यमुनाबाईंच्या पायांना कोणती वाट आठवली? ते म्हणाले, त्या पुढच्याच्या चाहुलीनं गेल्या असतील. बरं. आणि गाठी? त्यावर त्यांनी माझ्याकडे चहा मागितला. मास्तर मात्र त्या दिवसापासून या विषयावर वाद घालेनासे झाले. फक्त म्हणायचे, "मी बघितलं, एवढं मी साक्षीला उभं राहून सांगेन. काय बघितलं ते सांगता यायचं नाही."

दगड उपसल्यावर माझा दोर त्याखाली सापडला. दोन ठिकाणी तुटलेला. मी तो वीतवीत चाचपून बघितला. एकही गाठ नव्हती. तो जोडून आम्ही पुन्हा कडुनिंबाकडून ताणला. आबांची ती गाठ सोनाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून मला शिकवली. वळणाला एक, उंचवट्याला दोन, शेवटी तीन. मग रोज सकाळी, तिथली नोकरी सोडेपर्यंत, मी डोळे मिटून पहिली फेरी मारत होते. तसं काही पुन्हा कधी घडलं नाही.

आता मी स्वतः नगरजवळच्या एका आश्रमात राहते. आताचे आश्रम बघाल तर हेवा वाटेल. उंबरा नाही, बाथरूममध्ये दांडे, उशाशी बेल, महिन्याला रक्त तपासणी. माझे डोळे काचबिंदूनं गेले, म्हणून तर भाचीला बसवलंय टाइप करायला. खोलीपासून जेवणघरापर्यंत स्टीलचं रेलिंग आहे, पण ते दारापाशी संपतं आणि तिथून टेबलापर्यंत चार पावलं धरायला काही नाही. मुली म्हणतात, आजी, हाक मारा, आम्ही येतो. मी मारत नाही. सुंभाचा पीळ.

त्या चार पावलांशी मी रोज थांबते. खरं-खोटं मला अजून उलगडलेलं नाही, कुणाला उलगडत असेल तर लिहा, मी ऐकेन. मी आधी मनात म्हणते, आबा, तुमच्या गाठी सोडवल्या, चुकलं माझं. मग डावा हात पुढे करून मूठ मिटते. आजपर्यंत मुठीत काही आलेलं नाही.

पण अजून एकदाही पडले नाही.