साहेबांच्या जागी फुली

फीत कापल्याशिवाय आमच्याकडं काही सुरूच होत नाही. बोअरला मोटर बसवली तरी नारळ, पिठाची गिरणी टाकली तरी पुढारी. ते एक वेळ चालेल. पण वेबसाइटला फीत? त्या फितीनं माझं वाटोळं केलं, आणि आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

केजात तेव्हा इंटरनेट नवंनवं आलेलं. आमचं किराणा दुकान. मी बी.एस्सी. होऊन घरात बसलेली, आणि आप्पा माझा फोटो घेऊन पाहुण्यांच्या घरी खेपा घालत होते. एवढ्यात एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी आप्पांना निरोप धाडला : तुमच्या पोरीनं कॉलेजची वेबसाइट करून दिली तर कॉम्प्युटर शिकवायची जागा तिचीच. आप्पा मला म्हणाले, "लागलीस तर लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागलीस तर अंबाजोगाईचं स्थळ हाय, मुकाट उभं राहायचं." मी हो म्हणाले.

एसटीनं बीडला जाऊन एका सायबर कॅफेवाल्याकडून शिकले. पान कसं लिहायचं, त्यात फोटो कसा जोडायचा, सगळं सर्व्हरवर कसं चढवायचं. माणूस लई तापट. पण एक गोष्ट सारखी बजावायचा, "चढवलं की लगेच उघडून बघायचं. आपल्या मशीनवर दिसलं म्हंजे तिकडं दिसंल असं न्हाई."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सचिवांच्या खोलीत बसून मी पानं चढवली. पहिल्याच पानावर साहेबांचा, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा, फेटा बांधलेला मोठा फोटो. उघडून बघायला गेले तर सचिव आडवे आले.

"थांब पोरी. तू आदी उघडलीस तर उद्या साहेबांनी काय शिळी उघडायची का?"

"सर, तपासावं लागतं."

"कावून? सोताच्या कामावर भरवसा न्हाई का तुजा?"

असं म्हणून त्यांनी फोनची वायर, जिच्यातून इंटरनेट यायचं ती, उपसली आणि खिशात घातली. मॉनिटरला गुलाबी फीत बांधली, खोलीला कुलूप लावलं. शीत न दाबताच पंगत बसवायला निघाले होते, दीडशहाणे.

दुसऱ्या दिवशी सनई, शाली, सत्कार. आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या रांगेत. सचिवांनी खिशातली वायर परत जोडली, साहेबांनी फीत कापली, बटण दाबलं. पान सावकाश उतरलं. संस्थेचं नाव आलं, आणि खाली साहेबांच्या जागी रिकामी चौकट. चौकटीत लाल फुली.

निवडणूक तोंडावर आलेली, आणि साहेबांवर फुली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "इरोधकाची पोरगी हाय का बे ही?" दुसरा पुटपुटला.

कारण मला तिथंच कळलं. स्टुडिओवाल्यानं फोटोच्या फाइलचं नाव कॅपिटल अक्षरांत दिलेलं, मी पानात स्मॉल लिहिलं. आमच्या मशीनला दोन्ही सारखंच, सर्व्हरला नाही; आणि फोटो सापडला नाही की त्याच्या जागी फुली यायची. चहा गार व्हायच्या आत दुरुस्त झालं असतं, आणि मी तसं म्हणालेसुद्धा. पण सचिव साहेबांकडं बघत म्हणाले, "मी हिला धा डाव म्हणलो, तपासून घे." धा डाव म्हणे. मेल्या, वायर तुझ्याच खिशात होती की.

आप्पा उठले. घराकडं जाताना मी त्यांना सगळं सांगितलं, वायरीचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असंल. पर फुली समद्यांनी बघितली ना. उद्या पाहुण्यांना या म्हणतो."

जागा सचिवांच्या पुतण्याला मिळाली. माझ्या हळदीच्या दिवशी संस्थेचा शिपाई दारात आला. फोटो अजून दिसत नव्हता आणि वेबसाइट दुरुस्त करायला लागणारा पासवर्ड एकट्या मलाच ठाऊक होता. सरांनी मागितलाय, म्हणाला.

मी हळदीच्या अंगानं उंबऱ्यापर्यंत गेले. म्हटलं, "सरांना सांग, मला उघडायची मनाई हाय. ती अजून कुणी उठवली न्हाई."

तो गेला, आणि मी परत येऊन पाटावर बसले.