शेजारच्या दारासाठी

आमच्या कॉलनीत अडतीस घरं आहेत. माजलगावच्या रस्त्याला लागून असल्यामुळे हंगामात दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. त्यामुळे नगरसेवकांनी ‘कॉलनीत आधी काय करायचं, ते तुम्हीच ठरवून लिहून द्या’ असं सांगितलं, तेव्हा कागद माझ्या हातात आला.

“तुमी काटेवाले,” शेजारचे निवृत्त कंडक्टर म्हणाले. “मापात पाप झालं तर सवय हाय म्हणू, न्हाई झालं तर नशीब म्हणू.”

मी सुटीच्या दिवशी घरोघर फिरलो. दारात उभं राहून ‘तुम्हाला काय पाहिजे?’ विचारायचं, सांगतील ते लिहायचं, खाली सही. दोनदा बेरीज केली. कमान चोवीस, दिवे आठ, पाणी सहा. पाणी इतकं मागे पाहून मला नवल वाटलं नाही. नळ आठवड्याने येतो हे सगळ्या गावाचंच रडगाणं, आमच्या कागदाने काय होणार, असं जो तो म्हणाला. कॉलनीच्या तोंडाशी नाव लिहिलेली कमान मात्र सगळ्यांची, तिच्यावर कोणाची हरकत नव्हती.

एक सही राहिली होती, कोपऱ्यावरच्या सिस्टरची. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळी कॉलनी अजून सिस्टरच म्हणते. आमच्या दोन्ही पोरींना ताप आला की आधी त्यांचा हात कपाळाला लागायचा. त्यांनीही तोंडी कमानच सांगितली होती. सहीला गेलो तर पलंगावर साड्यांच्या घड्या लावून ठेवलेल्या, बाजूला उघडी बॅग.

“गावाला का?”

“पुण्याला. महिनाअखेर लेक न्यायला येणार हाय. आता तिकडंच.”

“कावून? इथं काय कमी हाय?”

“गुडघे गेले, साहेब. एकटीनं कशाला राहायचं?”

सही झाली. मी चपला घालता घालता म्हणालो, “संध्याकाळी चहाला या. आमच्या घरात लई दिवसांत पाय न्हाई लावला तुमी.”

“येते की,” त्या म्हणाल्या आणि माझ्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथे थांबल्या. त्यांची नजर खाली गेली तशी माझीही गेली. दारापुढची नाली उघडी होती, तिच्यावरचा सिमेंटचा ढापा नव्हता. कोपऱ्यावर नाली वळते, म्हणून ती इथे सगळ्यात रुंद, सव्वादोन फूट तरी. मी येताना ती ओलांडली होती आणि मला कळलंही नव्हतं.

“इथला ढापा कुठं गेला?”

“नळाची लाइन टाकताना फुटला. फळी टाकली होती. ती हालायची. एकदा मधीच थांबले, ना इकडं ना तिकडं. शेजारणीनं हात धरून आणलं. तवापासून बाहेर न्हाई गेले.”

त्या पौर्णिमेला न चुकता विहारात जायच्या. किती पौर्णिमांना त्या गेल्या नसतील, याचा मी मनात हिशोब करू लागलो आणि मध्येच सोडून दिला.

“मग कागदावर ढापा कावून न्हाई सांगितला?”

“माझ्या एकटीच्या दारासाठी?” त्या हसल्या. “या वयात खांबवाली म्हणवून घेऊ का?”

ते मला समजलं. कॉलनी नवी असताना एका गृहस्थाने विजेचा खांब स्वतःच्या दारासमोर घेतला होता. त्यांना अजून खांबवालेच म्हणतात. म्हणणाऱ्यांत मीही आहे. आमच्यात आपल्या दारासाठी कोणी मागत नाही. मी अडतीस दारांत उभा राहून नेमकं तेच विचारलं होतं.

कागद घरी नेऊन फाडला. बायको म्हणाली, “अहो, सह्या होत्या त्याच्यावर.” मी नवा कागद घेतला आणि त्याच संध्याकाळी परत निघालो. या वेळी विचारलं, “तुमच्या शेजारच्या दारात काय पाहिजे?”

लोक मोकळे झाले. कंडक्टरांनी त्यांच्या पलीकडच्या घरापुढचं तुंबणारं गटार सांगितलं, ते किती वाजता तुंबतं त्यासकट. कोणी शेजारच्या आंधळ्या आजोबांसाठी दिवा मागितला, म्हणजे त्यांना नव्हे, त्यांना धरून आणणाऱ्या सुनेला. खांबवाले म्हणाले, “सिस्टरच्या दारात ढापा. माझ्या खांबाच्या उजेडात रोज दिसतंय, बाई उंबऱ्यावर येती अन् माघारी जाती. मी बोललो असतो, पण मी काय बोलणार?” सिस्टरचे सख्खे शेजारी दोनच, पण त्यांच्या ढाप्याचं नाव अकरा घरांनी घेतलं. नालीवरचे ढापे एकूण सत्तावीस घरांनी मागितले. कमान तीन.

नगरसेवक म्हणाले, “कमानीत फोटो तरी निघाला असता.” पण कोपऱ्यापासून काम सुरू केलं.

सिमेंट ओतलं आणि नवीच अडचण आली. ते पक्कं व्हायला रोज पाणी मारावं लागतं आणि नळ तर आठ दिवसांनी. कोणी बैठक घेतली नाही. सकाळी कोणी एक बादली आणली, दुपारी दुसऱ्याने, सगळ्यांनी आपापल्या भरून ठेवलेल्या टाकीतून. सिस्टर आतून ओरडायच्या, “अरे, पिण्याचं हाय ते.”

“तुमच्या हातची इंजेक्शनं लई दुखलीत,” कंडक्टर म्हणाले. “तुमाला लवकर बाहेर काढून भांडायचंय.”

लेक पुण्याहून आली त्या दिवशी सिस्टर आमच्याकडे चहाला आल्या. सोबत लेक होती आणि हातात बीपीचं यंत्र. चहा व्हायच्या आधी त्यांनी माझा दंड मागितला.

“एकशे अठ्ठेचाळीस,” त्या म्हणाल्या. “मीठ कमी करा. आठ दिवसांनी परत बघते.”

“आई, आठ दिवसांनी तू पुण्यात असशील,” लेक म्हणाली.

सिस्टरनी माझ्याकडून पेन घेतलं, कॅलेंडरवर पुढचा बुधवार शोधला आणि त्याच्याभोवती गोल केला. लेकीने तो गोल बघितला. मग माझ्या बायकोला म्हणाली, “वहिनी, परतीचं एक तिकीट रद्द कसं करायचं, ते इथून होतं का?”