न वाजलेला ‘र’

“मंजूताई, लगेच ये. दोन टीमनी लेखी तक्रार दिलीय. म्हणतात, हॉलमध्ये आवाज आहे. मला तर काहीच ऐकू येत नाहीये यार.”

फोन प्राचीचा होता. ती स्पर्धेची इव्हेंट मॅनेजर. मी बोरिवलीला राहते, स्पर्धा अंधेरीच्या एका हॉलमध्ये. शेवटचा राउंड दुपारी अडीचला होता आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते. मी मीटर, माइक आणि रेकॉर्डर पिशवीत टाकून निघाले.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंत तीस वर्षं काढली. पडद्यावरच्या नटाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज बसवायचा, त्यात खोकला, पंखा, खुर्चीची करकर राहू द्यायची नाही. थोडक्यात, कान विकून पोट भरते. या कानांचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ही अंध खेळाडूंची आंतरराष्ट्रीय सांघिक बुद्धिबळ स्पर्धा आहे, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. प्रत्येक देशाचे चार खेळाडू, समोरच्या देशाच्या चौघांशी एकेक डाव. मुख्य पंच होते सबनीस सर, मुलुंडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. त्यांनी मला एका टेबलाशी नेऊन सगळं हातात देऊन समजावलं. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा वेगळा पट असतो. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच. प्रत्येक घराला एक भोक आणि प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक, म्हणजे बोटांना रंग कळतो. पट हवा तेवढा चाचपा, पण खुंटी उपटलीत की ती सोंगटी खेळावीच लागते.

“आणि समोरच्याची खेळी कशी कळते?” मी विचारलं.

“बोलून. हा मोठ्याने सांगतो, तो तीच खेळी परत उच्चारतो आणि आपल्या पटावर करतो. पट दोन, डाव एक. मधे फक्त आवाज.”

खेळी सांगायची पद्धत जगभर एकच, आणि ती जर्मन. उभ्या ओळींना माणसांची नावं: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा अशी आठ. आडव्या ओळींना जर्मन आकडे. हत्तीला टुर्म, उंटाला लॉयफर. ‘टुर्म इव्हा आइन्स’ म्हणजे हत्ती इव्हाच्या ओळीत पहिल्या घरात. नावं मुद्दाम अशी निवडली आहेत की एकाचं दुसरं ऐकू येऊ नये. एकच जोडी जरा घातक. दोनला ‘त्स्वाय’ म्हणतात आणि तीनला ‘द्राय’.

मी हॉलच्या मधोमध उभी राहून मीटर लावला. आकडा बघून मला हसूच आलं. आमच्या स्टुडिओच्या आतल्या पॅसेजमध्येही याहून जास्त आवाज असतो. मी प्राचीला सांगितलं, काही झालेलं नाही, शेवटच्या राउंडचं टेन्शन आहे, दुसरं काय.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, मीटर तिकडे उभा राहून बघतोय. मी इकडे बसून ऐकतो.”

हा नितीन. भारताच्या संघातला चौथ्या पटाचा खेळाडू. वर्सोव्याचा, कोळीवाड्यातला, जन्मापासून अंध. लहानपणी खाडीत शिरणाऱ्या बोटींच्या इंजिनावरून तो सांगायचा वडील आले की शेजारचा काका, आणि त्यावर आई भात टाकायची. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्याने फक्त माझं मनगट धरलं आणि मला हॉलच्या टोकाच्या टेबलापाशी नेऊन खुर्चीत बसवलं.

“आता ‘स’ म्हणा. हळू.”

मी म्हटलं. माझ्या डोक्यावर एसीची जाळी होती. तिच्यातून हवा येत होती, बारीक, एकसारखी, सुऽऽ करत. “ही हवा ‘स’ खाते,” नितीन म्हणाला. “बाकी सगळं ठेवते.”

त्याचं बरोबर होतं. ‘स’, ‘त्स’, ‘श’ हे आवाज म्हणजे दातांतून सुटलेली हवाच. वरून तशाच जातीची हवा आली की ते तिच्यात मिसळून जातात. ‘त्स्वाय’मधला ‘त्स’ गेला की हलका ‘व’ही बुडतो, उरतं नुसतं ‘आय’. मला हे पाठ आहे, नवीन पोरांना मी हे शिकवते. पण माझा मीटर नॉर्मल दाखवत होता. जाळी उतरवायला शिडी हवी होती, मेंटेनन्सवाला माणूस दुपारी येणार होता, तो आला तरी दोन तासांचं काम. मी एसी एक पॉइंट कमी करायला लावला. फरक पडला का, हे बघायला त्या खुर्चीत परत काही बसले नाही. प्राचीने पुढे केलेल्या फॉर्मवर लिहिलं, ‘साउंड ओके’, आणि खाली झोकात सही ठोकली.

रिपोर्टला जोडण्यासाठी हॉलचा आवाज रेकॉर्ड करायची माझी सवय आहे. सबनीस सरांना विचारून मी त्याच टोकाच्या टेबलापाशी माइक लावला आणि रेकॉर्डर चालू ठेवला.

अडीचला राउंड सुरू झाला. भारताची लढत पोलंडशी होती. जिंकेल तो देश तिसरा. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, निघावंसं वाटेना. एवढी माणसं, एवढे पट आणि कुणीही कुठे बघत नाहीये. बोटं पटावर फिरतायत, ओठांतून ‘गुस्ताव’, ‘हेक्टर’ अशी नावं येतायत आणि दोन वेगळ्या लाकडांवर एकच डाव पुढे सरकतोय. एका नटाचं एक वाक्य जुळवायला मला पंधरा टेक लागतात.

साडेपाचच्या सुमारास तीन पट संपले. दीड-दीड गुणांची बरोबरी. उरला तो चौथा पट, टोकाच्या टेबलावरचा. नितीनसमोर पोलंडचा मारेक होता, पन्नाशीचा, जाड मिशांचा, शांत माणूस. नितीनचा डाव चढत चालला होता. सबनीस सरांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण आमच्या कॅप्टनच्या दिसत होतं.

मग मारेकने उंट उपटून हातात धरला आणि खेळी सांगितली. इव्हा द्रायवरचा हत्ती मारायचा.

नितीनची बोटं त्या घरावर गेली आणि थांबली. “तिथे माझं काहीच नाही,” तो इंग्रजीत म्हणाला.

सबनीस सरांनी दोन्ही घड्याळं थांबवली. नितीनच्या पटावर हत्ती इव्हाच्या दुसऱ्या घरात होता. मारेकच्या पटावर तोच हत्ती तिसऱ्या घरात. नितीनने तो हत्ती हलवला तेव्हापासून चार खेळ्या ते दोघं दोन वेगळे डाव खेळत होते. नितीनची नोंद ब्रेलमध्ये होती, त्यात ‘त्स्वाय’. मारेक दोघांच्याही खेळ्या छोट्या रेकॉर्डरवर पुटपुटायचा, त्यात ‘द्राय’. मारेकने खेळी परत उच्चारली तेव्हाही नितीनला आपलाच आकडा ऐकू आला होता.

वरती जाळी सुऽऽ करत होती.

सबनीस सरांनी नियम सांगितला. दोन नोंदी जुळत नसतील, तर जिथपर्यंत जुळतात तिथपर्यंत मागे जायचं. म्हणजे त्या चार खेळ्या पुसायच्या. नितीनच्या हातात आलेला डाव जाणार, आणि हरायला आलेल्या मारेकला नवी सुरुवात मिळणार. नितीनने दोन्ही हात पटावरून उचलून मांडीवर ठेवले.

मला राहवलं नाही. मी पुढे जाऊन सांगितलं की माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. सबनीस सर म्हणाले, नियमात रेकॉर्डिंग बसत नाही, दोन्ही संघ हो म्हणाले तरच. आमचा कॅप्टन लगेच हो म्हणाला. पोलंडचा घुटमळला. मारेकने मान हलवल्यावर तोही कबूल झाला.

मी हेडफोन लावले. ती जागा सापडली. टुर्म, इव्हा, आणि मग सुऽऽ… आय. परत लावलं. सुऽऽ… आय. सहा वेळा ऐकलं. ‘त्स’ नाही, ‘द’ नाही, नुसता ‘आय’. तीस वर्षांच्या कानांनी हात टेकले.

“सर, मला सांगता येत नाही,” मी म्हटलं. असं वाक्य कामावर मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

“मग मागे जाऊ,” सबनीस सर म्हणाले.

“मी ऐकू का?” मारेकने विचारलं.

मी हेडफोन त्याच्या हातात दिले. त्याने तीनदा ऐकलं. मग म्हणाला, नितीनने याआधी डावात कुठे ‘द्राय’ म्हटलं असेल, ते लावा. मी शोधून लावलं. तेही त्याने ऐकलं. हेडफोन काढून माझ्या हातात देत तो हळू म्हणाला, “तुमचा ‘र’ आमच्यासारखा आहे. जीभ वर टेकते, टक् करून. हवेखालीही तो ऐकू येतो. आधीच्या ‘द्राय’मध्ये जीभ टेकलीय. इथे टेकलेली नाही. तो त्स्वाय म्हणाला.”

त्याच्या कॅप्टनने घाईघाईने त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. मारेकने एका शब्दात उत्तर दिलं. मग आपल्या पटावर चाचपत त्याने तिसऱ्या घरातला हत्ती उपटला आणि दुसऱ्या घरात खोचला.

मी पुन्हा हेडफोन लावले. खरंच, पहिल्या ठिकाणी इवलासा टक् होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. मी गेलेला ‘त्स’ शोधत बसले. हा माणूस न वाजलेला ‘र’ ऐकत होता, आणि तो ऐकू आला तर आपण हरणार हे त्याला माहीत होतं.

मारेकची नोंद चुकीची असल्याचं मारेकच म्हणतोय, तेव्हा वाद उरत नाही, असं सबनीस सरांनी जाहीर केलं आणि घड्याळं सुरू केली. उंट उचललेला होता, म्हणून मारेकला उंटच दुसरीकडे कुठेतरी खेळावा लागला. तिथून पुढे चौदाव्या खेळीला त्याने हार मानून हात पुढे केला. नितीनने तो दोन्ही हातांत धरला. भारत तिसरा आला.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मारेकपाशी गेले आणि सांगून टाकलं. सकाळी मला ही जाळी दाखवली होती, तरी मी ओके लिहिलं, तुमचा डाव माझ्यामुळे गेला.

तो मिशीत हसला. “जाळी दोघांच्याही डोक्यावर होती. शंका आली की परत विचारायचं असतं. मी नीट न ऐकता ऐकलं असं धरलं.”

मीही सकाळी हेच केलं होतं, फक्त खाली सही करून.

बाहेर चहाच्या टेबलाशी ते दोघं तोच डाव परत खेळत होते, पटाशिवाय, नुसता तोंडाने. मारेक नितीनला सांगत होता की फोनवर जर्मन लोक घोटाळा नको म्हणून दोनला ‘त्स्वो’ म्हणतात, तूही म्हणत जा. नितीनने मला चाहुलीवरून ओळखलं आणि बसायला खुर्ची सरकवली.

मी आत गेले, प्राचीकडून फॉर्म मागून घेतला आणि ‘ओके’वर काट मारली. ती म्हणाली, आता काय उपयोग, स्पर्धा तर संपली. बरोबरच होतं तिचं. पण तेव्हापासून कुठल्याही फॉर्मवर मी ‘साउंड ओके’ लिहीत नाही. कुठल्या खुर्चीत बसून ऐकलं, ते लिहिते.