सुळेसरांचा हप्ता

आमच्या टायपिंगच्या सरांचे दोन सुळे ओठांबाहेर यायचे, आणि सर दिवसभर पान खात असल्यामुळे ते कायम लाल दिसायचे. गंगाखेडात सगळे त्यांना सुळेसर म्हणत. हे त्यांचं आडनाव नाही, हे कळायला नव्या पोरांना महिना लागायचा. एकीने तर रजेच्या अर्जावर रीतसर 'माननीय सुळे सर' असं टाईप करून दिलं. सरांनी 'माननीय'मधली वेलांटी दुरुस्त केली, सुळे तसेच ठेवले.

सरांचं घर जुन्या जमीनदारांपैकी. जमीन भावांकडे आणि टाईपरायटर सरांकडे, अशी वाटणी झाली होती. घराच्या समोरच्या खोलीत क्लास चाले. सर पोरांना नावाने हाक मारत नसत, मशीनच्या नंबरने मारत. मी तीन नंबर. त्या मशीनचा 'य' इतर अक्षरांच्या वर उडायचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी. ए. झाले होते, आणि कुणी न विचारता ते सांगत असे.

टायपिंगचे उतारे म्हणजे 'विषय : पाणीपुरवठ्याबाबत' असले. बोटं चालायची आणि डोळे मिटायचे. एका शनिवारी सरांनी ट्रंकेतून एक पुस्तक काढलं. पुस्तक उर्दू. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानंही गेलेली, त्यामुळे नाव आणि लेखक कुणालाच ठाऊक नाही. सर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. "आज बघून न्हाई, ऐकून ठोका," म्हणाले, आणि डोळ्यांनी उर्दू वाचत तोंडाने मराठी सांगू लागले. डोंगरावरच्या किल्ल्यात एक जहागीरदार राहतो. दिवसा पेटीत निजतो, आरशात दिसत नाही, आणि माणसांचं रक्त पिऊन पिढ्यान्‌पिढ्या जगतो. पानाच्या शेवटी त्याने पाहुण्याच्या मानेकडे पाहिलं आणि सरांनी पुस्तक मिटलं.

"सर! पुढं?"

"पुढच्या हप्त्याला," सर पानाला चुना लावत म्हणाले.

त्यांच्या बोलीत हप्ता म्हणजे आठवडा, आमच्या लेखी हप्ता म्हणजे गोष्टीचा तुकडा. "हप्त्याला एकच हप्ता," सर म्हणायचे. "सबर करा. घाईनं वाचलेलं अंगी लागत न्हाई."

काय ते शनिवार! सकाळपासून बोटं शिवशिवायची. जो मागे पडेल त्याचं वाक्य हुकायचं, आणि ऐन खुनाचं वाक्य हुकलेलं कुणाला चालेल? आमचा एक नंबर साखर कारखान्यात चिकटायचं म्हणून टायपिंग शिकत होता आणि वर्षभर रखडत होता. जहागीरदार खिडकीशी आला त्या शनिवारी तो असा सुटला, की सरच ओरडले, "अरे, मला तर वाचू दे!"

कागदाखाली आम्ही कार्बन लावायचो. एक प्रत क्लासमध्ये राहायची. एक एस.टी.ने हातोहात वालूरला जायची, पाच नंबरच्या बहिणीकडे. एक येलदरीला, एक नंबरच्या भावाकडे. तो तिथल्या वीजघरात होता. सरांची अट एकच. "डावा समास चार बोटं सोडा. लोकांना बोलायला जागा पाहिजे."

आणि लोक काय बोलले! प्रती परत यायच्या त्या समास भरूनच. येलदरीहून आलं, "वाहतं पाणी त्याला वलांडता येत न्हाई म्हणता, मंग आमी बिनघोर. पूर्णामाय हाय." त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, "आन धरणाचं पाणी सोडायचं बंद केल्यावर?" वालूरहून आलं, "लसणाला भेतो म्हणता? आमच्या गावात उपाशी मरंल." एकदा वालूरच्या एका निवृत्त गुरुजींनी अख्खा समास उर्दूत भरून पाठवला. सर वाचता वाचता खुर्चीतून उठले. "अरे, ह्यानं बी वाचलंय! पोरपणी, भूगोलाच्या पुस्तकाआड धरून! मला वाटलं, आता ह्या जिल्ह्यात मी एकटाच उरलो." गुरुजींनी हरवलेल्या पहिल्या पानांतलं आठवलं तेवढं लिहून दिलं होतं. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि तो मजकूर आमच्याकडून टाईप करून घेतला.

मग तो हप्ता आला. जहागीरदार कितीही बलवान असो, घरातल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

माझी बोटं थांबली.

"तीन नंबर, काय झालं?"

"काही नाही, सर."

झालं ते एवढंच, की हा नियम माझाही होता. आम्ही बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं, माणसं माणसांकडे तिरकं बघायची. क्लासमध्ये मला कुणी वावगं बोललं नाही. पण खोलीमागे सरांचं घर होतं आणि मध्ये उंबरा. बाकीच्या मुली तहान लागली की सरळ आत जायच्या, काकू त्यांना पाणी द्यायच्या, दोन घटका गप्पा व्हायच्या, जहागीरदाराचं पुढे काय होणार यावर पैजा लागायच्या. मला 'ये' असं कधी कुणी म्हटलं नाही. आईने शिकवलं होतं, बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही. पाणी मी घरून नेत असे, तहानेचं काही नव्हतं. मला त्या गप्पांत बसायचं होतं. आणि ते मला मागून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी वालूरची प्रत आली. "मंग आपलं मरणच की! आपल्याकडं आधी 'या' म्हणतेत, मंग 'कोण?' इचारतेत." सगळा क्लास हसला. मीही हसले. मग तोच कागद मशीनवर चढवला आणि समासात खाली टाईप केलं, "सगळ्यांना नाही म्हणत."

नाव टाकलं नाही. 'य' वर उडालेला होता, तेवढं पुरे होतं.

समासातलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, हा सरांचा शिरस्ता. माझी ओळही त्यांनी वाचली. कागद डोळ्यांजवळ नेला. माझ्या मशीनकडे बघितलं, मग मागे वळून उंबऱ्याकडे बघितलं. लावलेलं पान तसंच डब्यात ठेवलं. "आज हप्ता न्हाई," म्हणाले. असं कधीच झालं नव्हतं.

त्यानंतरचा शनिवार शेवटच्या हप्त्याचा. वालूरचे गुरुजी स्वतः एस.टी.ने आले, येलदरीहून एक नंबरचा भाऊ आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. "आत बसू, माजघरात," सर म्हणाले. सगळे उठले. मी मशीनवर झाकण घातलं आणि जागेवरच बसले.

सर उंबऱ्यातून वळले. "तीन नंबर, चल."

"सर, हे तुम्ही म्हणालात. घर काकूंचंही आहे."

सर रागावतील असं मला वाटलं. पण ते आत तोंड करून म्हणाले, "ऐकलं का? पोरगी बरोबर बोलायली. हे मी एकट्यानं म्हणून भागत न्हाई."

काकू पिठाच्या हाताने दारात आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. जहागीरदार खिडकीशी आला होता तेव्हा क्लास जसा श्वास धरून बसला होता, तसाच आत्ताही बसला.

"ये," काकू म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "ये की बाई आत. दारात किती दिस बसायलीस?"

मी उठले. "बघा हं काकू, एकदा बोलावलं की मग मी कधीही येत असते. नियमच आहे तसा."

आधी एक नंबर हसला, मग गुरुजी. काकू दाराआडून सगळे हप्ते ऐकत आल्या होत्या, त्यांना कशाला समजावून सांगावं लागतंय! "येऊन तर बघ," त्या म्हणाल्या. "लसणाची चटणी वाटून ठेवलीय. टिकतीस का बघू."

टिकले. दोन भाकरी खाल्ल्या.

जहागीरदार त्या दुपारी भर उन्हात मेला. सरांनी त्याचं मरण इतक्या जिव्हाळ्याने सांगितलं, की गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढे मला परभणीत सरकारी नोकरी लागली. मी आजही चार बोटं समास सोडते. साहेब म्हणतात, कागद वाया जातो. मी म्हणते, साहेब, लोकांना बोलायला जागा पाहिजे. गंगाखेडला गेले की सरांकडे जायचं, आणि उंबऱ्यात क्षणभर थांबायचं. काकूंनी 'ये' म्हणायचं आणि सरांनी सुळे दाखवून हसायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षी सर गेले. मला उशिरा कळलं. मी पोचले तेव्हा समोरची खोली रिकामी होती, मशीनच्या पायांचे खड्डे तेवढे टेबलांवर उरले होते. काकू माजघरात बसलेल्या. त्यांना आता दिसत नव्हतं. मी सवयीने उंबऱ्याशी थांबले.

चपलांचा आवाज ऐकून काकूंनी मान वर केली.

"या," त्या म्हणाल्या. आणि मग, "कोण?"

"तीन नंबर," मी म्हणाले, आणि आत गेले.