सगळ्या मुली दात दाखवायला गेल्या तेव्हा

मंडळी, आज शेजारच्या ओवीला घेऊन तिच्या डोंबिवलीच्या शाळेत गेले होते. दाढा किडू नयेत म्हणून डॉक्टरांनी लेप लावला. तिने माझा हात घट्ट धरला होता.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या कल्याणच्या शाळेतही दातांना औषध लावायला डॉक्टर आले होते. मी तिसरीत होते. घरच्यांची सही हवी होती. आई नव्हती, वडील नोकरीसाठी मोहने गावी राहायचे. मी काकूकडे राहायचे; सही न करताच ती म्हणाली, "दुधाचे दात गं, पडणारच आहेत!"

सगळ्या मुली गेल्या. मी रिकाम्या वर्गात त्यांचं हसणं ऐकत बसले. तू का गेली नाहीस असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "माझे दात चांगले आहेत."

पुढे माझी एक दाढ किडली, ती दुधाची नव्हती. बाराव्या वर्षी काढावी लागली.

आज घरी आल्यावर हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी असं मागे राहिलं होतं का?